सगळ्यांनी नोकरी सोडली म्हणता, पण कधी सोडली?

(पत्र चांगलं सहा पानी होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

पत्र लिहिणारी ३३ वर्षांची आहे. उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी ऑफिसात क्लार्क, नऊ वर्षं सर्व्हिस झालीय. घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. कॉलेजपासून नाटक करते, गावातल्या एका हौशी संस्थेकडून राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरते, दोनदा प्राथमिक फेरीत अभिनयाचं रौप्यपदक मिळालंय. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या आग्रहाने मराठी सिरीयलसाठी सेल्फ टेप (घरीच शूट केलेली ऑडिशन) पाठवली, मग लूक टेस्टला बोलावलं आणि आता हिरोच्या मोठ्या वहिनीचा रोल नक्की झालाय. महिन्याला पंधरा ते वीस दिवस शूटिंग, सेट ठाण्याला. ऑफिसात साहेब म्हणाले एवढी रजा मिळणार नाही. प्रॉडक्शनला आठ दिवसांत उत्तर द्यायचंय. ती लिहिते, "ताई, डॉ. लागू, निळू फुले, अशोक सराफ, अमोल पालेकर, अमरीश पुरी, रजनीकांत, बोमन इराणी, सगळ्यांनी पोटापाण्याची नोकरी सोडून उडी मारली म्हणूनच ते एवढे मोठे झाले ना? मीच का घाबरतेय? आमच्या घराण्यात कलाकार कोणी नाही, वय पण निघून चाललंय, ही शेवटची संधी वाटते. नवरा म्हणतो तू ठरव, मी आहे. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त द्यायचा बाकी आहे."

तर मैत्रिणी, आधी अभिनंदन. मोठी वहिनी तर मोठी वहिनी, सेल्फ टेपवरून रोल मिळणं सोपं नसतं, आणि दोन रौप्यपदकं काय कुणी वाटत बसलेलं नसतं. पत्रात तुम्ही पदकांचं अगदी जाता जाता लिहिलंय आणि त्या सात मोठ्या माणसांबद्दल दीड पान, म्हणून मी पण त्या सात जणांपासूनच सुरुवात करते, कारण तुमचा सगळा निर्णय त्या यादीवर उभा आहे आणि ती यादी नीट वाचली तर वेगळंच काहीतरी सांगते.

डॉ. श्रीराम लागू. जन्म १९२७ चा. कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली, नाटकं केली, आणि सोबत डॉक्टरकी चालूच. पुण्यात प्रॅक्टिस, मग आफ्रिकेत टांझानियात जाऊन सर्जन म्हणून नोकरी. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, म्हणजे वय चाळिशीच्या पुढे. आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये नटसम्राट. आपल्याला काय आठवतं, तर डॉक्टरकी सोडली आणि नटसम्राट झाले, जणू सोमवारी दवाखाना बंद केला आणि मंगळवारी गणपतराव बेलवलकर. मधली जवळजवळ वीस वर्षं आपण एका वाक्यात उडवून टाकतो. त्या वीस वर्षांत हा माणूस नट म्हणून घडत होता आणि घर डॉक्टरकीवर चाललं होतं. ते स्वतः "लमाण" या आत्मचरित्रात हे सगळं लिहून गेलेत, वाचलं नसेल तर वाचा, राजीनामा देण्याआधी वाचलंत तर अजून बरं.

अमरीश पुरींचं तर याहून जास्त. तरुणपणी सिनेमाच्या स्क्रीन टेस्टमध्ये नापास झाले, मग कर्मचारी राज्य विमा महामंडळात चिकटले, ते वीसेक वर्षं तिथेच. ऑफिस सुटलं की नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या तालमीला. स्टेजवर दबदबा झाला, सिनेमे यायला लागले, तरी लगेच नोकरी नाही सोडली. "मिस्टर इंडिया"तला मोगॅम्बो आला १९८७ ला, तेव्हा वय ५४. सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने कुणाची गोष्ट वाचायची असेल तर ही वाचावी असं मला नेहमी वाटतं.

निळू फुले पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. बागकाम करायचे आणि सेवा दलाच्या कलापथकात लोकनाट्यं करायचे, तिथून मग "कथा अकलेच्या कांद्याची", आणि पहिला सिनेमा आला १९६८ ला. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, बँकेत असतानाच नाटकं चालू होती. पालेकर बँक ऑफ इंडियात. बोमन इराणींनी हॉटेलात वेटरचं काम केलं, घरचं दुकान सांभाळलं, फोटोग्राफर झाले, स्टेजवर नाव कमावलं आणि सिनेमात लोकांना दिसले ते चाळिशी ओलांडल्यावर. आता मला सांगा, या सगळ्यांत "उडी" कुठे आहे? सगळे पायऱ्या उतरूनच पाण्यात गेलेत, फक्त फोटो काढणारा आला तेव्हा ते पोहत होते.

राहिले रजनीकांत. बंगळुरूला बस कंडक्टर होते आणि ते सोडून मद्रासला अभिनय शिकायला गेले, ही गोष्ट खरी. पण ते तेव्हा विशीत होते, डोक्यावर संसार नव्हता, आणि त्यांच्या बसचा ड्रायव्हर असलेला मित्र त्यांना पैसे पुरवत होता, हे त्यांनीच कितीदा सांगितलंय. म्हणजे सातातला एकच खऱ्या अर्थाने नोकरीवर पाणी सोडून गेला, आणि त्याच्याही मागे एक पगार उभा होता, फक्त तो दुसऱ्याचा होता.

आणि एक नाव तुमच्या यादीत नाहीच, मला वाटतं मुद्दाम नसेल पण सोयीचं नाही म्हणून सुटलं असेल. डॉ. मोहन आगाशे. "घाशीराम कोतवाल" नाटकातले नाना फडणवीस, १९७२ पासून. मानसोपचारतज्ज्ञ, पुण्यात बी. जे. मेडिकलला शिकवायचे, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर पण होते. यांनी डॉक्टरकी कधी सोडलीच नाही हो. आणि नट म्हणून कमी पडले असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? पण "सोडलं नाही" याची गोष्ट होत नाही, मुलाखत घेणाऱ्याला त्यात मजा येत नाही, म्हणून आगाशे कुणाच्या प्रेरणादायी पोस्टमध्ये येत नाहीत.

माझं म्हणणं असं नाही की नोकरी सोडूच नये. लागूंनी सोडलीच की. पण त्यांनी सोडली ती नट म्हणून एवढी वर्षं घडल्यावर, आणि तुम्ही सोडताय ती काम यावं म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला वाटतं तुमची भीती नेमकी इथेच आहे, तिला भित्रेपणा म्हणू नका, ती बरोबर जागी बोट ठेवतेय.

आता दुसरी गोष्ट, जी पत्र वाचताना मला सगळ्यात आधी टोचली. तुमच्या यादीतले सातही पुरुष आहेत. (मी घातलेला आठवाही पुरुषच, कळतंय मला.) ऑफिस सुटल्यावर तालमीला जाणाऱ्या पुरुषाच्या घरी पोळ्या कोण लाटत होतं, पोरांचा अभ्यास कोण घेत होतं, याचा त्या गोष्टींत उल्लेखच नसतो. तुमच्यासाठी तो उल्लेखच मुख्य आहे. म्हणून तुम्ही बायकांच्या गोष्टी वाचा, त्या जरा वेगळ्या चालतात.

सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शाळेच्या पोरांसाठी नाटकं बसवता बसवता रंगायन ही नाट्यसंस्था, मग अरविंद देशपांडे आणि अरुण काकडेंबरोबर १९७१ ला आविष्कार. आणि पुढे त्याच शाळेचा हॉल मराठी प्रायोगिक नाटकाचा पत्ता झाला, लोक चळवळीलाच छबिलदास म्हणायला लागले. नोकरीची जागा आणि नाटकाची जागा एकच होऊन बसली, असं नशीब प्रत्येकीचं नसतं, मान्य. स्मिता पाटील दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या, तिथून सिनेमात. त्याच्याही मागे गेलात तर दुर्गा खोटे. चांगल्या सुशिक्षित घरातली बाई, दोन मुलांची आई, सिनेमात आली ती हौस म्हणून नाही, घरात पैशाची गरज होती म्हणून. १९३२ ला "अयोध्येचा राजा" मध्ये तारामती झाली, जेव्हा भल्या घरातल्या बाईने कॅमेऱ्यापुढे उभं राहणं म्हणजे बोंबाबोंब होती. म्हणजे तिच्यासाठी अभिनय हीच पोटाची नोकरी होती! आपण समजतो एका बाजूला पोट आणि एका बाजूला कला, आणि मधे दरी. दुर्गाबाईंना विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या.

आणि गीतांजली कुलकर्णी. "कोर्ट" बघितलात? २०१५ ला थिएटरात आला होता. त्यातली सरकारी वकील, दिवसभर कोर्टात निर्विकारपणे कलमं वाचणारी, संध्याकाळी ट्रेनने घरी येऊन स्वयंपाकाला लागणारी. गीतांजलीताई एनएसडीतून (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) शिकलेल्या, त्याआधी वर्षानुवर्षं नाटकं करत होत्या. तो रोल बघताना मला सारखं वाटत होतं की ही बाई आपल्या ऑफिसात आहे, हिला आपण ओळखतो. तुम्ही नऊ वर्षं ज्या टेबलावर बसताय ना, फाईल, अर्जदार, साहेबांची चिडचिड, डब्यातली भाजी, ते वाया गेलेलं नाहीये. नटाला लागणारा कच्चा माल तोच आहे आणि तो तुम्हाला वर पगार घेऊन मिळतोय.

वय. ३३ ला वय निघून चाललंय हे हिरॉईनसाठी खरं असेल, त्यात मी खोटा दिलासा देणार नाही, मराठी सिरीयलची नायिका बहुतेकदा बावीस-चोवीसचीच शोधतात. पण तुम्हाला नायिका व्हायचंय असं पत्रात कुठेही नाही. तुम्हाला मिळालेला रोलच मोठ्या वहिनीचा आहे! वहिनी, काकू, आत्या, वकील, इन्स्पेक्टर, शाळेची मुख्याध्यापिका, या रोलना तुमचं वय आत्ता कुठे लागतंय, आणि पुढची तीस वर्षं हे रोल संपत नाहीत. त्यामुळे "शेवटची संधी" हा शब्द खोडून टाका. तो शब्द डोक्यात असला की माणूस कुठल्याही कागदावर सही करतो.

घराण्याचं पण तसंच. आडनावाने पहिला दरवाजा लवकर उघडतो हे खरंय, नाही कोण म्हणतंय. पण आपल्याकडे निळूभाऊंचं कुठलं घराणं होतं? लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते, तिथेच नाटकं बघत, छोटी कामं करत वर आले. "सैराट"ची रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी. वीरा साथीदार, "कोर्ट" मधले लोकशाहीर, नागपूरचे कार्यकर्ते. मराठीत तर घराण्यापेक्षा संस्था आणि स्पर्धा हीच खरी वंशावळ आहे. राज्य नाट्य १९५४ पासून चालू आहे, पुण्याची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून, कितीतरी मोठी नावं याच गाळणीतून आलीत. म्हणजे तुमची बॅकग्राऊंड आहे, तुम्ही ती धरतच नाही आहात.

आता ऑफरकडे येऊ, कारण आठ दिवस म्हणालात आणि मी इथे इतिहासच सांगत बसलेय.

डेली सोपचं काम कसं चालतं ते माहिती असेलच थोडंफार, तरी सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं अजून बऱ्याच जणांची येतात, शिक्षक आहेत, नर्स आहेत, एक जण तर पोलिसात आहे. पगार नसतो, पर डे असतो, जितके दिवस बोलावलं तितक्याच दिवसांचे पैसे. "पंधरा ते वीस दिवस" हे तोंडी सांगितलेलं असतं, कागदावर असेलच असं नाही. शिफ्ट बारा तासांची, त्यात जाणं-येणं धरलेलं नाही. आणि पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, ही पूर्ण इंडस्ट्रीची रीत झालीय. म्हणजे जूनमध्ये काम केलंत तर त्याचा चेक सप्टेंबर-ऑक्टोबरला, तोही टीडीएस कापून. तोपर्यंत ठाण्यातली खोली, गाडीभाडं, मुलीची फी सगळं खिशातून. राजीनामा दिल्यावर पहिले चार-पाच महिने घरात तुमच्याकडून शून्य रुपये येणार आहेत असं धरून हिशोब करा, मग बघा झोप लागते का.

आणि मोठी वहिनी. मला तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण सिरीयलमध्ये सगळ्यात असुरक्षित कोण असेल तर हिरोची मोठी वहिनी. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर ट्रॅक फिरतो. घरातल्या सूनांचं भांडण चाललं तर तुम्ही महिन्याला पंचवीस दिवस, नाही चाललं तर वहिनी माहेरी जाते आणि सहा महिने माहेरीच राहते. कुणाचा दोष नसतो, ते तसंच असतं. सिरीयलच चार-पाच महिन्यांत गुंडाळली जाऊ शकते. यासाठी तुम्ही नऊ वर्षांची सर्व्हिस देताय.

त्या सर्व्हिसचं पण बघू. सरकारी नोकरीचा राजीनामा म्हणजे साधारणपणे मागची सेवा गेली, पेन्शनच्या दृष्टीने ती धरत नाहीत. वीस वर्षं झाली असती तर स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता होता, तुम्हाला अजून अकरा वर्षं आहेत. एनपीएसमधले (राष्ट्रीय पेन्शन योजना) जमा पैसे तुमचेच, ते बुडत नाहीत, पण ते काढायचे नियम वेगळे, ते आधी समजून घ्या. आणि परत यायचं म्हटलं तर खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे नव्याने परीक्षा देऊन खालून सुरुवात, तीही खुल्या प्रवर्गात असाल तर पाच वर्षांच्या आत.

मग कुणी म्हणेल राजीनामा कशाला, बिनपगारी रजा टाका. असाधारण रजा असते, मान्य. पण ती मागितली की मिळालीच असं नसतं, आणि रजेवर असताना दुसरीकडे पैसे घेऊन काम करायला परवानगी लागते, रजेवर असलात तरी नोकर तुम्ही सरकारचेच. आजारपणाचं सर्टिफिकेट लावून सेटवर जाणारे लोक पाहिलेत मी, त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं, कारण चोरी करायची ती पण रोज संध्याकाळी साडेसातला अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून! तुमचे साहेब नसतील बघत सिरीयल, त्यांच्या मिसेस नक्की बघत असतील.

पण हेही बघा, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ चे, ते कलेच्या अगदी विरोधात नाहीत. अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक कामाला त्यात जागा आहे, अट एवढीच की कर्तव्यात कसूर नको. नियमित, मोबदला घेऊन काम म्हटलं की परवानगीचा प्रश्न येतो. तुम्ही साहेबांना केबिनमध्ये तोंडी विचारलंत आणि त्यांनी तोंडी नाही म्हटलं. तोंडी उत्तर हे उत्तर नव्हे हे क्लार्कला मी काय सांगायचं! आस्थापना शाखेत रीतसर लेखी अर्ज द्या, कामाचं स्वरूप, किती दिवस, मोबदला, सगळं खरं लिहून. महिन्याला वीस दिवसांना ते हो म्हणणार नाहीतच. पण दोन-तीन दिवसांच्या कामाला, वीकेंडच्या नाटकाला, आकाशवाणीला हो म्हणू शकतात, आणि एकदा एक परवानगी फायलीत लागली की दुसरी सोपी जाते.

नवरा. "तू ठरव, मी आहे." चांगला माणूस वाटतो, टोमणा मारत नाहीये मी. पण त्याला जवळ बसवून विचारा की "मी आहे" म्हणजे सकाळी मुलीचा डबा, वेणी आणि शाळेची व्हॅन कोण? ती तापाने फणफणली आणि माझा सीन लागलाय तेव्हा कोण? सासूबाईंना गृहीत धरलंय की विचारलंय? पाच महिने एका पगारावर घर चालेल का, कर्जाचा हप्ता आहे का? या प्रश्नांची उत्तरं आली की "मी आहे" ला वजन येतं. तुम्ही घरातून पळून मद्रासला जात नाही आहात, तुमचा निर्णय चार माणसांच्या घड्याळावर चालणार आहे.

तर माझं मत विचाराल तर सरळ सांगते, या रोलसाठी राजीनामा देऊ नका. फाडू नका, कपाटात ठेवा. उद्या एखादा रोल असा येऊ शकतो की त्यासाठी द्यावा, आणि तेव्हा मी पत्र न वाचताच द्या म्हणेन. पण तो दिवस यायचा तर तुम्ही आत्तापासून काही गोष्टी करायला हव्यात, नुसतं राज्य नाट्यची वाट बघत वर्ष काढू नका.

आधी प्रॉडक्शनला सरळ नाही म्हणू नका. ज्यांनी निवडलं त्या कास्टिंगवाल्याला फोन करा, खरं कारण सांगा की सरकारी नोकरी आहे, वीस दिवस शक्य नाहीत, पण चार-पाच दिवसांचा छोटा ट्रॅक असेल तर परवानगी काढून येते. वकील, डॉक्टर, मुलीची मावशी, असे पाहुणे रोल त्यांना सारखे लागतात आणि आयत्या वेळी लागतात. सभ्यपणे, वेळेत नाही म्हणणारा नट त्यांच्या लक्षात राहतो, कारण बाकीचे हो म्हणून आदल्या रात्री फोन बंद करतात.

तरी तुम्ही घ्यायचंच ठरवलंत, तुमचं आयुष्य आहे, तर सही करण्याआधी ईमेलवर लेखी विचारा. महिन्याला कमीत कमी किती दिवसांची हमी? काम नसलं तरी त्या दिवसांचे पैसे मिळणार का? पैसे किती दिवसांनी? या सिरीयलमध्ये असताना दुसरीकडे नाटक-सिनेमा करू देणार की बंदी? काढायचं असेल तर किती दिवस आधी सांगणार आणि मला सोडायचं असेल तर? राहायची सोय कोण करणार? उत्तर देताना समोरचा "अहो आपल्याकडे असं काही नसतं, फॅमिलीसारखं आहे" म्हणाला तर समजून जा. आणि हे सगळ्यांसाठीच सांगते, ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, "पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा" म्हणून पैसे मागणारा कास्टिंगवाला नसतो. कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण ते काम मिळाल्यावर, तुमच्या मानधनातून. आधी मागणाऱ्याला ब्लॉक करा, विचार करत बसू नका.

बाकी तुमच्या हातात काय आहे ते बघा. आकाशवाणी नाट्य कलाकारांच्या ऑडिशन घेते, पास झालात की ग्रेड मिळते आणि बोलावणी येतात. आवाजाचं काम कॅमेऱ्याच्या कामाचा कस वाढवतं, वाचिक अभिनय म्हणजे काय ते माईकपुढेच कळतं. मुंबईच्या प्रायोगिक ग्रुपमध्ये जाणं तुम्हाला जमायचं नाही, पण दिग्दर्शकाला बोलावून तुमच्या संस्थेत वर्कशॉप घेता येतं, खर्च दहा जणांत वाटला जातो. एनएसडीच्या तीन वर्षांच्या कोर्सला वयाची अट आहे, तिकडे बघू नका, पण छोट्या मुदतीची शिबिरं होत असतात, अर्जित रजा त्यासाठी वापरा, लग्नाकार्यातच संपवायची कशाला. अलीकडे मराठी सिनेमा-सिरीयलचं शूटिंग नाशिक, वाई, कोल्हापूर, साताऱ्याकडे बरंच होतं, आणि तिकडे एक-दोन दिवसांच्या रोलला जवळचे, चांगली बोली बोलणारे नट शोधतात. तुमची अहिराणी येते का? येत असेल तर सेल्फ टेपमध्ये एक तुकडा अहिराणीत करा. लोक आपली बोली लपवतात आणि तिकडे डायलेक्ट कोच शोधत असतात, काय म्हणायचं याला.

आणि व्यावसायिक नाटक. ते तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाही म्हणून विचारते. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीला असतात, पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात, त्यामुळे नोकरदार नटाला सिरीयलपेक्षा नाटकच कायम जास्त मानवलंय, जुन्या पिढीतले कितीतरी जण बँकेतून, रेल्वेतून, मंत्रालयातून याच रस्त्याने आले. अडचण तालमीची असते, महिना-दीड महिना रोज संध्याकाळी, आणि ती मुंबई-पुण्यात. त्यावर उपाय म्हणजे चालू नाटकात रिप्लेसमेंट. एखादी नटी बाळंतपणाला गेली, सिरीयलला गेली, की आठ-दहा तालमीत उभी राहील अशी बाई निर्मात्याला हवी असते. रौप्यपदकवाली, पाठांतर पक्कं, नखरे नाहीत. तुमच्या स्पर्धेचे परीक्षक बहुतेक व्यावसायिक रंगभूमीवरचेच असतात ना, त्यांच्यातल्या दोघा-तिघांना हे सांगून ठेवा. मागायला लाजू नका, त्यांनाही कधीतरी कुणाला तरी असं सांगावंच लागलं असेल.

दर वर्षी मार्चला, एरवी तुम्ही ऑफिसचे हिशोब लावताच, तेव्हा एकदा हा पण लावा, यावर्षी अभिनयाचे किती दिवस काम झालं, किती पैसे आले, किती कामं तारखेमुळे सोडावी लागली. सोडलेली कामं केलेल्या कामांपेक्षा जास्त व्हायला लागली आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असला, की कपाटातला तो कागद बाहेर काढायचा. तारीख तेवढी नवी घाला त्यावर. आणि कास्टिंगवाल्याला फोन आजच करा, आठवा दिवस उजाडायची वाट बघू नका, त्यांनाही दुसरी वहिनी शोधायला वेळ लागतो.